साडूची लेबलं

माझ्या साडूचं अक्षर फार सुंदर आहे. हे मी कौतुकानं सांगतोय असा कोणाचा समज होऊ नये. एकोणीस वर्षं ते अक्षर माझ्या डोळ्यांत खुपतं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी वायरमन, तोही वायरमन. दोन्ही मुलींना नवरे एकाच धंद्यातले का शोधले, हे सासूबाईंनाच ठाऊक. मी घरांची कामं करतो. तो ट्रेलरची करतो, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या फिरत्या घरांची. आत पलंग, ओटा, नळ, दिवे सगळं असतं, फक्त खाली चाकं. त्या एवढ्याशा जागेत तो वायरी ओढतो आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना लेबल लावतो. बारीक पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या शाईत 'ओट्यावरचा दिवा', 'पाण्याचा पंप'. शेवटी बटणांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक मोठं लेबल, काम कोणाचं आणि तारीख कुठली.

तेवढ्यावर थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पण सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याची लेबलं आहेत, किल्ल्यांवर आहेत, औषधांच्या खोक्यावर आहेत. मीठ कुठलं आणि साखर कुठली हे ओळखायला त्या बाईंना आजवर कोणाची मदत लागली नव्हती. आता आल्यागेल्याला ते डबे दाखवून होतात. "धाकट्यांचं काम म्हणजे कसं, बघत राहावं," असं म्हणतात. माझं काम झालं की म्हणतात, "झालं का? तो पसारा तेवढा उचला."

मी मनातल्या मनात त्याला 'लेबल' म्हणतो. तोंडावर 'तुम्ही' म्हणतो. तो सहा वर्षांनी लहान आहे, 'अरे' म्हटलं तरी चाललं असतं, पण 'अरे' म्हणायला आपलेपणा लागतो. तो मला दादा म्हणतो. त्यानं एकदा तरी फुशारकी मारली असती, एकदा तरी नाकानं कांदे सोलले असते, तर मला त्याचा सुखानं राग करता आला असता. पण तो गप्प. चहा घेतो, कप स्वतः विसळून ठेवतो. त्याचे केसही अजून जागच्या जागी आहेत.

यंदा सासऱ्यांनी एक जुना ट्रेलर विकत घेतला. सासूबाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. तिचं गाव तीन दिवसांच्या वाटेवर. दोघी बहिणींची अकरा वर्षांत भेट नव्हती. सासूबाईंची पाठ धरते, त्यांना फार वेळ बसवत नाही. शिवाय झोपेत त्यांचा श्वास अडकतो, म्हणून रात्री तोंडावर मास्क लावून एक मशीन चालवावं लागतं. वाटेत दोन मुक्काम, दोन्ही ठिकाणी वीज नाही. मशीन बॅटरीवर रात्रभर चालणार असेल तर जा, नाहीतर जाऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ट्रेलरच्या बॅटरीतून घरच्यासारखी वीज काढणारा इन्व्हर्टर बसवणं आलं. शुक्रवारी निघायचं ठरलं.

"धाकटे बाहेरगावी कामावर आहेत, गुरुवारी येतील," सासरे म्हणाले. "तोवर थांबू या."

"त्यात थांबायचं काय?" मी म्हणालो. "इन्व्हर्टर मी दोनशे घरांत बसवलेत."

"हो, पण ट्रेलरचं काम त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे हत्यारांची पेटी उघडली आणि बनियनवर कामाला लागलो. आवाज जरा चढला होता, असं बायको नंतर म्हणाली.

दोन दिवस मी त्या ट्रेलरमध्ये गुडघ्यांवर होतो. बॅटरी पुढच्या खोक्यात होती. तिच्या शेजारीच, पलंगाखालच्या कप्प्यात इन्व्हर्टर बसवला, कारण मधली जाड केबल जितकी आखूड तितकी बरी. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाकला. लोखंडी कडेवर वायर घासू नये म्हणून रबराची नळी चढवली. इन्व्हर्टरमधून निघालेली वीज बटणांच्या पेटीला नेली आणि मध्ये चेंजओव्हर बसवला, इकडे केला की बाहेरची वीज, तिकडे केला की इन्व्हर्टरची. प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला. इतकं मन लावून मी माझ्या स्वतःच्या घरातही कधी काम केलेलं नाही. आमची दारावरची बेल चार वर्षं बंद आहे. खरं सांगायचं तर मी बॅटरीसाठी काम करत नव्हतो. 'थोरल्यांनी छान केलं' एवढं एक वाक्य त्या बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

मंगळवारी सकाळी नऊला बाहेरची केबल काढून चाचणी सुरू केली. मशीनला विजेची भूक फार नाही. हिशेबानं बॅटरी रात्रभर पुरून उरायला हवी होती. सासूबाई मास्क लावून पलंगावर आडव्या झाल्या. "झोप काही येत नाही, पण हवा येतेय," मास्कमधून म्हणाल्या. मी अंगणात खुर्ची टाकून ऐटीत बसलो.

साडेबाराच्या आत इन्व्हर्टर टींटीं करायला लागला. बॅटरी संपली होती.

"जुनी बॅटरी दिली दुकानदारानं," मी म्हणालो. बॅटरी नवी होती, पावती सासऱ्यांच्या खिशात होती. रात्रभर बाहेरच्या विजेवर ती पुन्हा भरली, मी सगळी जोडणी सोडून नव्यानं केली आणि बुधवारी सकाळी पुन्हा चाचणी लावली. अकराच्या सुमाराला मीटर लावून पाहिला, तर काटा कालच्यासारखाच खाली चाललेला. सासूबाई या खेपेला आडव्या झाल्या नव्हत्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात बहिणीसाठी विणलेली शाल, घडी घालून तयार.

"नाही जमलं तर राहू दे हो," त्या म्हणाल्या. "तिला कळवते तसं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. लेबल आला होता. मेव्हणीनं फोन केला असणार, तो एक दिवस आधीच काम उरकून आला होता. सासरे खुर्चीतून उठले. मी दोन दिवस राबत होतो तेव्हा ते उठले नव्हते.

"आधी चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"दादांचं काम बघून येतो, मग घेतो," तो म्हणाला. बाकीची मंडळी आत गेली. ट्रेलरमध्ये आम्ही दोघंच.

त्यानं काही उघडलं नाही. मीटरही मागितला नाही. माझ्या जाड केबलीकडे पाहून मान डोलावली, मग वाकून ओट्याखालच्या लोखंडी डब्यावर तळहात ठेवला. तो ट्रेलरचा चार्जर, बाहेरची वीज आली की बॅटरी भरणारा. तो ट्रेलरबरोबर आधीपासूनच आलेला होता, मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"हा गरम का आहे, दादा?" त्यानं विचारलं.

मी हात ठेवून पाहिला. चांगला तापला होता. आतला पंखा गुरगुरत होता. बाहेरची केबल तर मी स्वतः काढून ठेवली होती. मग याला वीज देतं कोण?

कळायला मला फार वेळ लागला नाही. घरात इन्व्हर्टरच बॅटरी भरतो, तिथे वेगळा चार्जर नसतो. इथे होता. मी इन्व्हर्टरची वीज सगळ्या पेटीला दिली होती, म्हणजे चार्जरलाही दिली होती. बॅटरी इन्व्हर्टर चालवत होती, इन्व्हर्टर चार्जर चालवत होता आणि चार्जर तीच बॅटरी भरायला धडपडत होता. एकमेकांत फिरता फिरता सगळी वीज नुसती तापून वाया जात होती. दोनशे घरांत इन्व्हर्टर बसवलेल्या माणसाची ही अक्कल. मला पलंगाखालच्या कप्प्यात शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

त्यानं पेटीतलं एक बटण खाली केलं. चार्जरचा पंखा थांबला.

"पहिल्या ट्रेलरला मी पण हेच केलं होतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक रानात अडकलं. मला दोन दिवस शोधता आलं नाही."

यात त्यानं माझी समजूत घातली, हे मला कळतं. पण तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की चूकसुद्धा यानं माझ्या आधी करून ठेवली आहे.

"चार्जरची वायर वेगळी काढायला हवी," मी म्हणालो.

"परत आले की निवांत काढू. तोवर रात्री हे बटण खाली ठेवलं की झालं." मग तो घरात गेला आणि त्यानं सांगितलं, "दादांना सापडलं. आता चालेल." मी मागेच उभा होतो. तोंड उघडायला जागा होती, वेळही होता. मी मूग गिळून चहा घेतला.

बॅटरी पुन्हा रात्रभर भरली. गुरुवारी नऊपासून मशीन लावलं. संध्याकाळचे पाच वाजले तरी बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली. सासूबाई त्या मास्कमध्येच दुपारी खरोखर झोपल्या, घोरल्यासुद्धा. उठल्यावर मी त्यांना शिकवलं, रोज रात्री हे झाकण उघडायचं, हे बटण खाली करायचं, मगच इन्व्हर्टर लावायचा. त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं.

शुक्रवारी सकाळी सगळे अंगणात जमलो. लेबल चाकांतली हवा तपासत होता. सासूबाई शाल पिशवीत घालून माझ्यापाशी आल्या.

"तुमच्या हातचं आहे, म्हणून मला काळजी नाही," त्या म्हणाल्या. "छान केलंत."

एकवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं तेव्हा लेबल चार हातांवर चाकाशी वाकलेला होता, त्यानं ऐकलं आणि वर न बघता नुसता हसला. खरं हसला, हेच तर दुखणं आहे. मला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून त्याचा आणखी राग आला.

"एकदा आत बघून येतो," असं म्हणून मी ट्रेलरमध्ये चढलो. बटणांच्या पेटीचं झाकण उघडलं. आतून नवं लेबल लावलेलं होतं, कधी लावलं कोण जाणे. ठळक, म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता यावं असं. 'रात्री इन्व्हर्टरच्या आधी हे बटण खाली.' त्याखाली तारीख. आणि त्याखाली, 'काम : थोरले जावई.'

एकही अक्षर वाकडं नव्हतं. आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव लिहिताना माझा हात तरी थरथरला असता. नखानं ते लेबल खरवडून काढावं असं फार वाटलं. पण रोज रात्री सासूबाई हे झाकण उघडणार होत्या, रोज रात्री त्यांना ते वाचायचं होतं, आणि त्या वाचण्यावर त्यांचा श्वास होता. खाली बोटभर जागा रिकामी होती.

बाहेर सासऱ्यांनी हॉर्न दिला. मी खिशातलं पेन काढलं, पेटीवर कोपर टेकवून घट्ट धरलं आणि त्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'चूक सापडली ती धाकट्या जावयांना.'

जरा लांबून पाहिलं. माझं अक्षर त्याच्याइतकं चांगलं आलं नव्हतं.