गौराक्काची गुळतुला

गौराक्का जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत कुणी आवाज चढवला की मला वाटतं, आली वाटतं. तिचं तोंड म्हणजे गुऱ्हाळाचं इंजिन. बंद कधी होईल ते शिवय्या आज्जालाही सांगता यायचं नाही. शिवय्या आज्जा म्हणजे तिचा नवरा, गुळाचा व्यापारी. कागलच्या खाली, सीमेला टेकलेलं आमचं गाव. भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत मिटतं. मी तिथं अंगणवाडीची बाई, मीनाबाई कांबळे. तोंडाला मीही कमी नाही, त्यामुळं आमचं दोघींचं जमणार नाही हे ठरलेलंच होतं.

भांडण सगळं तिच्या नातवावरनं, अमरेशवरनं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट.

माझं काम पोरं तोलायचं. आढ्याला काटा, काट्याला कापडाची झोळी, झोळीत पोर. दर महिन्याचं वजन तक्त्यावर टिंब काढून मांडायचं. कोल्हापूरला ट्रेनिंगला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोटाला नीट मिळालं तर पोर कागलचं असो नाहीतर अमेरिकेचं, पहिल्या वर्षात साधारण सारखंच वाढतं. आणि तुमच्या टिंबांची बेरीज पुण्याला जाते, पुण्यातनं दिल्लीला, तिथनं साऱ्या जगाला कळतं की कुठली पोरं उपाशी आहेत. मला लई भारी वाटलं होतं. पण गौराक्काचा अमरेश काही जगाला कळत नव्हता, कारण ती त्याला झोळीत घालूच देत नव्हती.

"तोललं की दृष्ट लागती," ती म्हणायची. "पैलं देवाफुडं तोलायचं. वर्साचा झाला की वीरभद्राला गुळाची तुला बोललीया मी. मग तुझ्या झोळीत घाल न्हायतर पोत्यात घाल."

"अक्का, तवर पोर हातचं जाईल की."

"तुझ्या जिभंला काय हाड हाय का न्हाय?"

पोराचा थाट बघावा. जरीची टोपी, गालाला तीट, कमरेला चांदीचा करदोडा. आणि दंड बघावा तर काडी. वर्ष भरत आलं तरी आधाराशिवाय बसत नव्हतं. तिची सून शिवलीला नळावर मला हळूच सांगायची, "आत्ती दुधात निम्मं पानी घालत्यात. घट्ट दूध लेकराला पचत न्हाय म्हनत्यात. भात चारला की वरडत्यात." गोठ्यात म्हशी, घरात गुळाची थप्पी, आणि पोर वाळत चाललेलं. बरं, दुष्टपणानं नव्हे हो. पोर जरा कुरकुरलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा मी म्हटलं, मी खिचडी चारते, तर पदर सावरून म्हणाली, "आमच्यात भाईरचं चालत न्हाय." बाहेरचं म्हणजे कुणाच्या हातचं, ते मला कळत होतं. राग आला. पोराकडं बघून गिळला.

तुलेच्या दिवशी मी देवळात गेले. आम्ही बौद्ध, मी देव मानत नाही, काट्यासाठी गेले. आज्जानं दुकानातला मोठा तराजू आणून टांगला होता. एका पारड्यात गुळाची दहा किलोची ढेप. आमच्याकडं तिला रवा म्हणतात. वर्षाचं पोर म्हणजे एक रवा, हा गावचा जुना हिशेब, आणि माझ्या तक्त्याचाही जवळपास तोच. शेजारी परातीत गुळाचे खडे ठेवलेले, पोर जड भरलं तर वरनं घालायला. खडे घालावे लागले की घरादाराला मान.

वाजंत्री सुरू झाली, पोर पारड्यात ठेवलं, आणि रवा जागचा हलला नाही. आज्जानं दांडी चाचपली. कुणीतरी म्हणालं, काटा अडकला असंल. परत ठेवलं. रवा खाली जमिनीला टेकलेला आणि पोर वर अधांतरी, जरीच्या टोपीत. वाजंत्रीवाले आपणहून थांबले. गौराक्कानं हातातल्या पाटल्या काढून पोराच्या पारड्यात टाकल्या, गळ्यातली बोरमाळ टाकली. काही फरक पडला नाही.

"रवा फोडूया का?" आज्जा हळूच म्हणाला.

"फोडल्याला रवा देवाला चालतो व्हय?" ती ओरडली, आणि पोराकडं बघता बघता तिचा आवाजच गेला. एवढ्या माणसांत गौराक्का गप्प झालेली मी पहिल्यांदा बघितली. जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही मला.

"अक्का," मी म्हटलं, "नवस मोडला न्हाय, अर्धा ऱ्हायलाय. रवा तसाच ठेवा. पोर भरंल त्या दिवशी फेडा."

दुसऱ्या दिवशी ती पोर कडेवर घेऊन आली आणि स्वतःच झोळीत घातलं. साडेसहा किलो. त्याच पावली आम्ही तालुक्याला डॉक्टरकडं गेलो. रोग काही निघाला नाही, भूक निघाली. परत आल्यावर मी खिचडीची वाटी पुढं केली. दारात चार बाया उभ्या. गौराक्का वाटीकडं बघत राहिली, मग एक घास उचलून तिनं आधी आपल्याच तोंडात घातला. "मीठ कमी हाय," म्हणाली, आणि दुसरा घास पोराला चारला. पुढं मिठावरनं रोज मला बोलणी बसली. मी ती आनंदानं खाल्ली.

दुधातलं पाणी बंद झालं. ती रोज यायची आणि वर गल्लीला हाका घालायची, "ए, तुझं पोर तोल की. चिपाडागत वाळलंय बघ." दृष्टीचं काय म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायची, "देवानं पैलं बघितलंय, आता कुनीबी बघा."

अमरेश पावणेदोन वर्षांचा झाला तेव्हा पारडं खाली आलं. पोर पारड्यातनं उतरून देवळाबाहेर पळालं, शिवलीला त्याच्या मागं, आणि आज्जा टोपीनं डोळे पुसत बसला.

दुपारी अंगणवाडी सुटल्यावर गौराक्का गूळ घेऊन आली. मला वाटलं, नाचतच येईल. ती खाली मान घालून उंबऱ्यापाशी बसली.

"बाई, ह्यो निस्त्या घट्ट दुधानं आन् खिचडीनं भरला, व्हय?"

"व्हय की."

"दुसरं काय केलं न्हाय आपुन?"

"न्हाय."

ती पदराचं टोक पिळायला लागली. "मला पैली लेक हुती. बसव्वा. अशीच वाळत वाळत गेली. सासू म्हनली, दृष्ट लागली. तिलाबी म्या पातळच दूध पाजलंतं. दारात चार म्हशी हुत्या, बाई."

तिनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. तिलाही येत होतं, नाहीतर ती आलीच नसती. दृष्ट, अंगारे-धुपारे, यांच्यावर मी जन्मभर भांडत आलेली बाई.

"अक्का," मी म्हटलं, "तिला दृष्टच लागली असंल."

तिनं वर बघितलं. "तू दृष्ट मानतीस व्हय?"

"मानते."

ती माझा हात घट्ट धरून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "लई वाईट आसती ग दृष्ट," आणि रडायला लागली.