नवव्या मजल्यावरचे तीन संडास

लिफ्टमध्ये माझ्याकडून लघवी झाली. सांगताना आजही जीभ अडते. दोन मुलींची आई मी. उभ्या उभ्या झाली.

नवव्या मजल्यावरून खाली येत होते. सहाव्यावर एक बाई तिच्या छोट्या मुलीला घेऊन आत आली. मी पाय घट्ट जुळवून भिंतीला टेकले. चौथ्यावर लिफ्ट पुन्हा थांबली. बाहेर कुणीच नव्हतं, बटण दाबून कुणीतरी निघून गेलं होतं. दार मिटायला वेळ लागला आणि तेवढ्यात सुटलं. साडीतून, पायावरून, चपलेत. मुलगी म्हणाली, "मम्मा, आंटीने सूसू केली." तिच्या आईने तिला उचलून घेतलं. मला ती काहीच बोलली नाही. दोन शब्द रागावली असती तर बरं झालं असतं.

नाशकातल्या गंगापूर रोडवरची अकरा मजली सोसायटी. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. मी समोर उभी होते, पण ते वॉचमनशी बोलले. "हिच्याकडूनच पुसून घे. फिनेल जास्त टाकायला सांग." ओल्या साडीतच मी लिफ्ट पुसली. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला जिना दाखवत होता. का म्हणून कुणी विचारलं की माझ्याकडे बोट करत होता.

त्या बिल्डिंगमध्ये माझी चार घरं होती. नवव्या मजल्यावरच्या मॅडमकडे माणसं चार आणि संडास तीन. तिन्ही मी रोज घासायचे. वापरायचा मात्र एकही नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पहिल्याच दिवशी मॅडम गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "ताई, तुमच्यासाठी खाली वॉचमनचं आहे हं." वॉचमनच्या त्या संडासाला कडी नव्हती, आणि दाराशी ड्रायव्हर लोक बिड्या फुंकत उभे. त्यामुळे आम्ही कामवाल्या बाया पाणीच प्यायचो नाही. कुणी चहा दिला तर अर्धा बेसिनमध्ये ओतायचो. हे मला सुमनमावशीने शिकवलं. त्या बिल्डिंगमधली सगळ्यात जुनी बाई. "सकाळपास्नं पानी घ्यायचं नाय. सवय व्हईल," असं म्हणाली. सवय झालीही. मग लघवीला आग व्हायला लागली, ताप आला. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण ओरडली, पाणी प्या, भरपूर प्या. मी तिचं ऐकलं. एवढीच माझी चूक. त्या दिवशी बाटलीभर पाणी पिऊन कामाला गेले. मॅडमचा संडास घासून झाला होता, ओला ब्रश हातात होता. म्हटलं, "मॅडम, जरा जाऊन येऊ का?" त्यांनी मोबाईलमधून मान वर केली. "ताई, खाली जाऊन या ना. पाहुणे यायचेत."

म्हणून मी खाली निघाले होते.

आणि शहरात मी आले ती संडासासाठीच. हसायचं असेल तर हसा. वणीच्या अलीकडे आमचं गाव. बायकांनी अंधारात टमरेल घेऊन ओढ्याकडे जायचं. रस्त्याने मोटारसायकलचा उजेड आला की उठून उभं राहायचं, गेला की पुन्हा बसायचं. सरकारी संडास मिळाला, पण त्यात ओतायला पाणी कुठून आणायचं? आईने त्यात गोवऱ्या रचल्या. माझं लग्न ठरवताना वडिलांची एकच अट होती. "पोरगा नाशकात पायजे आन् घरात संडास पायजे." शेतीवाडी असलेली चांगली स्थळं त्यांनी परत पाठवली. नवऱ्याची पंचवटीतली भाड्याची जागा बघायला आले, तर चहाच्या आधी आत जाऊन नळ सोडून बघितला. गावात ते अजून सांगतात, पोर सुखात हाय.

नवरा कंपनीत आहे एवढंच आम्हाला सांगितलं होतं. तो ठेकेदाराकडे होता. काही महिने काम, मग ब्रेक. पहिल्या ब्रेकमध्ये मी भांडी धरली. ब्रेक संपला, भांडी संपली नाहीत. मुलींच्या शाळा माझ्या या चार घरांवर चालायच्या.

वडिलांनी घातली तीच अट आता गावोगावचे बाप घालतात. धाकट्या भावाने तिशी ओलांडली. द्राक्षाची बाग आहे, आता घरी नळाला पाणी आहे, संडास चालू आहे. पण मुलगी कुणी देत नाही. नाशकात काय करतो, एवढंच विचारतात. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "ताई, तुझ्या बिल्डिंगीत वॉचमनची जागा निघंल का? मंग तरी माझं जमंल." मी बघते म्हटलं. शेताचा मालक वॉचमन व्हायला निघालाय, आणि त्याला नको म्हणायचं माझं तोंड नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन साडी धुतली आणि आतच वाळत घातली. नवऱ्याला सांगितलं नाही. मुलींना नळाखाली भिजले म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले. लिफ्टमध्ये झालं ते शरीराचं होतं. पण मुकाट्याने परत गेले, त्याची लाज मला जास्त वाटते.

मॅडमनी मोबाईल पुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टच्या कॅमेऱ्यातला फोटो आला होता. वरून काढलेला. माझा भांग आणि पायाशी ओलं. खाली कुणी हसणारी तोंडं टाकली होती, कुणी हात जोडले होते. मॅडम म्हणाल्या, "मी तुझी बाजू घेतली हं. म्हटलं, आजारी असेल बिचारी." कालपर्यंत मी ताई होते, तुम्ही होते. मग म्हणाल्या, "आता घरूनच जाऊन येत जा. आणि आज तिन्ही बाथरूम ॲसिडने घास."

ब्रश घेऊन मी त्यांच्या बेडरूममधल्या संडासात गेले. या घरात कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची पाळी आलीय, कोण पिऊन ओकलंय, सगळं मला माहीत. कधी नाक मुरडलं नाही. चार माणसांची घाण माझ्या हाताला चालत होती. माझी तेवढी कुणाला चालत नव्हती. डोक्यात सणक गेली. ब्रश खाली ठेवला, आतून कडी लावली आणि बसले. खरं तर लागलीही नव्हती. तरी बसले. मग फ्लश ओढला.

मॅडम दाराशीच होत्या. "आतून कडी का लावलीस?"

"गेले होते."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग आता ते पुन्हा घास. नीट."

मी म्हटलं, "बसेल त्यानं घासायचं असेल, तर तुमचं मी इतकी वर्षं का घासलं?"

ब्रश त्यांच्या दाराशी ठेवून जिन्याने खाली उतरले.

त्याच दिवशी गेटवर माझं येणं बंद झालं. चारही घरं गेली. सुमनमावशी म्हणाली, "जरा सोसलं असतं तर पोटावर पाय नसता आला." ती खोटं बोलत नाही. मोठीची शिकवणी बंद करावी लागली. नवऱ्याला तेव्हा लिफ्टचं सांगितलं. तो म्हणाला, "गावाकडं नको कळायला." तो फोटो अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असेल. आठवला की कानशिलं तापतात. लाज गेली असं मी सांगणार नाही. पण ती माझी एकटीची नाही, हे आता कळतं. फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांची ती आधी आहे.

नव्या बिल्डिंगमध्ये काम विचारायला जाते. आडनाव विचारतात, वेळ विचारतात, किती घेणार विचारतात. मी सगळ्यात आधी विचारते, "मला संडास कुठला?" एक बाई हसली. एकीने दार लावलं. एकीने नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं, अजून सांगितलं नाही. हो म्हणालेलं एकच घर हातात आहे आणि महिना ओढताना जीव जातो. तरी विचारणं सोडणार नाही, आणि मुलींनाही सोडू देणार नाही. ज्या घरात मला बसायला जागा नाही, त्या घरचा संडास मी घासणार नाही.