चिंचोक्यांचं गाव

मी मूळची नांदेडची. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात माझी बदली झाली, दुसरीचा वर्ग हाती आला आणि पहिल्याच वर्षी मी एक घोडचूक केली. बाहेरून आलेल्या बाईनंच करावी अशी ती चूक होती. तिकडच्या कुणाकडून ती झालीच नसती.

आमच्या वर्गात रोज सकाळी प्रार्थनेनंतर बातम्या असतात. फळ्याच्या उजव्या बाजूला मी एक पट्टी आखून ठेवलेली आहे. पोरं हात वर करतात, बातमी सांगतात आणि मी ती त्यांच्याच शब्दांत लिहिते. 'आमच्या म्हशीला रेडकू झालं.' 'पप्पांची दाढ काढली, ते ती खिशात घालून घरी घेऊन आले.' 'ताईला पाव्हणे बघून गेले, आमाला पसंत न्हाईत.' खरं-खोटं मी ठरवत बसत नाही. मग सगळे मिळून ते वाचतात. दुसरीतलं पोर पुस्तकातला धडा वाचताना अडखळेल, पण स्वतःच्या म्हशीची बातमी धडाधड वाचतं.

'माझे कुटुंब' हा पाठ चालू होता तेव्हा मला वाटलं, नुसतं आई-वडील-भाऊ-बहीण किती दिवस घोकून घ्यायचं? मी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: 'उद्या प्रत्येकाने घरातली सर्वांत जुनी वस्तू आणावी.' माझ्या डोळ्यांसमोर माझ्या आजीचा पितळी गडवा, अडकित्ता, तांब्याचं घंगाळ असलं काहीबाही होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी वस्तू आणल्या. एकानं प्लास्टिकची बादली आणली, तिच्यावर कुठल्यातरी मंडळाचा अर्धवट पुसलेला छाप होता. तिघांनी एकाच राखाडी रंगाची ब्लँकेटं आणली. एकीनं स्टीलचं ताट आणलं, एकानं पत्र्याच्या शेडचा कोयंडा. मी तोंडाची फटकळ आहे, हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. मी चढ्या आवाजात म्हणाले, "जुनी म्हणजे जुनी. आजोबांच्या वेळची. ही बादली काय जुनी झाली?"

बादलीवाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी हीच समद्यात जुनी हाय. भूकंपानंतर मिळाल्ती."

मी खुर्चीत बसले. हे गाव त्र्याण्णवनंतर वसवलेलं, हे मला बदलीच्या आदेशापासून ठाऊक होतं. सरळ रस्ते, घरांना नंबर, सगळं डोळ्यांसमोर होतं. जुनं गाव दीड-दोन किलोमीटरवर, बाभळींखाली दगडांचे ढिगारे होऊन पडलेलं आहे, हेही मी येता-जाता बघत होते. आणि तरीही मी त्या गावाला आजीचा गडवा मागितला होता. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी पोरांना अर्धा तास लवकर खेळायला सोडलं.

मग मी वस्तूंचा नाद सोडला. भिंतीवर मोठा कागद लावला, त्यावर प्रत्येकाचा एक चौकोन आखला आणि सांगितलं, घरातल्या माणसांना विचारा, आपण जुन्या गावात कुठं राहत होतो, तिथलं काय आठवतं, आणि त्याची बातमी करून आणा. आठवड्याभरात चौकोन भरत आले. 'आमच्या घरापुढं पिंपळ होता.' 'आमचा आजा पैलवान होता, दोन कोंबड्या एकटा खायचा.' एकच चौकोन कोरा राहिला. तो ज्या मुलीचा होता तिचा हात रोज सकाळी सगळ्यांच्या आधी वर असायचा. तिला विचारलं की म्हणायची, "माझी बातमी न्हाई," आणि पाटीवर काहीतरी गिरवत बसायची.

शेवटी एके दिवशी तिचे वडील आले. लातूरच्या रस्त्यावर जीप चालवतात. तीस-बत्तीस वर्षांचा उंच माणूस. दारात चपला काढून उभे राहिले.

"मॅडम, त्या चौकोनात काय लिहायचं तेवढं तुमीच सांगा," ते म्हणाले. "पोरगी रोज विचारायली. मी काय सांगू?"

त्यांची हकीकत थोडक्यात अशी होती. भूकंपाच्या चार दिवस आधी चाकूरची मावशी येऊन दीड वर्षाच्या भाच्याला आपल्याकडं घेऊन गेली. म्हणून ते वाचले. घरातलं दुसरं कुणी उरलं नाही. मावशीनं वाढवलं, पण बहिणीचा विषय निघाला की ती पदर तोंडाला लावायची, म्हणून त्यांनी विचारणं सोडून दिलं. आता मावशीही नाही. सरकारनं वारस म्हणून दिलेलं घर नव्या गावात होतं, म्हणून लग्नानंतर ते इथं राहायला आले. गावानं त्यांना आपलं मानलं. पण त्यांचं जुनं घर कुठं होतं, हे कुणी नेमकं सांगू शकत नव्हतं, कारण ती सगळी गल्लीच गेली होती.

"जुन्या गावात जाऊन येतो कधी कधी," ते म्हणाले. "समदे ढिगारे सारखेच. कोणत्या ढिगाऱ्याला हात जोडू? माझं जाऊ द्या मॅडम. पण पोरगी म्हणती, पप्पा, आपण कोनच न्हाई का?"

मी म्हणाले, चौकोन राहू द्या कोरा, मी बघते.

मार्ग काढला तो शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कढईत पळी फिरवत म्हणाल्या, "येळवशीला माझी मावशी येती. ती सुईण होती जुन्या गावात. तिला विचारून बघा. पण ती कुणाला कळवत न्हाई, येळवस करती आन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं निलंग्याला लेकीकडं जाती."

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर जिल्ह्यात गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात मांडलेले पाच दगडांचे पांडव, जेवायला भज्जी, आंबील, उंडे, आणि येईल त्याला आग्रह. मी ताईंच्या शेतात जेवले. तिथंच मी त्या म्हातारीला पाहिलं. ऐंशीच्या पुढची, हिरवं लुगडं, बोलणं कमी. मी विनंती केली तर म्हणाली, "शाळंत मी कधी गेले न्हाई, आता कशाला नेती?" पण भाचीनं डोळे वटारले तशी तयार झाली. सकाळची एस्टी तिनं सोडली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, खुर्ची नाकारली आणि व्हरांड्यात फरशीवर बसली. पोरं भोवती गोल करून बसली. मुलीचे वडील जीप दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "मांडायला काय हाय का?" मी गणिताच्या पेटीतली चिंचोक्यांची पिशवी दिली.

तिनं एक चिंचोका ठेवला. "हे मारुतीचं देऊळ." मग त्याच्या डावीकडं एक, मग दुसरा, मग जरा अंतर सोडून चार. हात चिंचोका ठेवताना थांबत नव्हता. गडी माणसं गावाची आठवण वेशीपासून, चावडीपासून सांगतात. ही खोल्यांवरून सांगत होती. कोणत्या घराची बाळंतिणीची खोली अंधारी होती, कुठं खाटेचा पाय मोडका होता, कुणाच्या चुलीवर पाणी लवकर तापायचं. बाहेरून ते घर कसं दिसायचं विचारलं तर म्हणायची, "ते मला काय म्हाईत? मी घाईत जायची, दमून यायची."

पोरांना हळूहळू उमगलं की म्हातारी त्यांच्याच घरांबद्दल बोलतेय. बादलीवाल्यानं वडिलांचं नाव सांगितलं. तिनं एका चिंचोक्यावर बोट ठेवलं. "हितं. तुझा बाप रविवारी झाला. बाजाराचा दिवस, घरात गडी माणूस कुणी न्हाई. नाळ कापायला दोरा सापडंना, मग तुझ्या आजीच्या नव्या लुगड्याचा काठ उसवला. लई भांडली ती माझ्याशी त्यावरून." पोरगा तोंडात बोट घालून हसायला लागला. मग एकेक पोर पुढं सरकून बापाचं नाव सांगू लागलं आणि एकेकाचा बाप त्या फरशीवर जन्माला येऊ लागला. एकाचा गुळाच्या हंगामात, एकाचा आजोबांशी बोलणं बंद असताना, एकाचा इतका झटपट की सुईण पोचायच्या आधीच. कुणाला तिनं 'आठवत न्हाई' म्हटलं नाही. एकाच मुलाला म्हणाली, "तुझा बाप माझ्या हातचा न्हाई. लातूरच्या दवाखान्यातला हाय." तो हिरमुसला.

मी वही घेऊन बसले होते. लिहायचं विसरून गेले. मला अक्षरं येतात, जनगणनेची, मतदार यादीची कामं मी केली आहेत, घरोघर फिरून रकाने भरले आहेत. ह्या बाईनं एक अक्षर न शिकता सबंध गाव तीस वर्षं डोक्यात जपून ठेवलं होतं, आणि त्या गावातली दगडमाती होऊन गेलेली भिंतसुद्धा तिच्यापुरती अजून उभी होती. मी पोरांकडं पाहिलं तर एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी ती पोरं त्या चिंचोक्यांकडं बघत होती.

देवळाच्या मागं मात्र तिनं वीतभर जागा रिकामी सोडली होती. मुलीच्या वडिलांनी तिथंच बोट दाखवलं आणि विचारलं, "आजी, हितं काही नव्हतं का?"

"होतं की. गल्ली होती. तिथलं विचारणारं कोनी उरलं न्हाई, म्हणून लावली न्हाई."

त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, मग आईचं. म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. मुठीतले चिंचोके तिनं खाली ठेवले, चष्मा पदराला पुसला, पुन्हा बघितलं. मग एक-एक करत त्या रिकाम्या जागेत नऊ चिंचोके मांडले आणि तिसऱ्यावर बोट दाबून धरलं.

"हे तुझं. दोन पायऱ्या होत्या. दारात शेवग्याचं झाड. आत गेलं की उजव्या हाताला भिंतीत देवळी, तिच्यात तुझी आई कंगवा ठेवायची." बोट न उचलता ती पुढं म्हणाली, "दोन दिवस अडली होती तुझी आई. गाडी जुंपली होती दवाखान्यात न्यायला, पण तेवढा वेळच न्हवता. आदी पाय आले तुझे. डावा आला, मग उजवा. मला वाटलं, माय आन् लेकरू, ह्यातलं एक बी हाती लागत न्हाई. तू निळा पडला होतास. लोकं विचारतात, पोरगा का पोरगी. तिनं ते विचारलंच न्हाई. एवढंच म्हणाली, 'रडला का?' म्हणलं, थांब. मग तू रडलास. मग ती झोपली."

जीपवाले खांब सोडून खाली बसले. त्यांनी तिसऱ्या चिंचोक्याजवळ बोट नेलं, पण त्याला लावलं नाही. मुलगी त्यांच्या पाठीमागून गळ्यात हात टाकून ते चिंचोके मोजत होती.

"पायाळू हायस तू," म्हातारी म्हणाली. "कुणी सांगितलं न्हाई का तुला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पायाकडून जन्मलेल्या माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणतात. त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं मानतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि वर्गात मी तसं ठासून सांगते. पण त्या वेळी मी गप्प राहिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

म्हातारी उठायला गेली आणि अर्ध्यावरच थांबली. दोन तास फरशीवर बसून तिच्या कमरेत उसण भरली होती. ताई धावल्या. तिनं त्यांना हातानंच बाजूला केलं, खांबाला धरून वाकून उभी राहिली आणि जीपवाल्याला म्हणाली, "ये. पाय लाव."

"आजी, तुमाला पाय कसा लावू मी?"

"आरं, तो पाय पहिल्यांदा माझ्याच हातात आलता. मला काय त्याचं."

ते नळावर गेले, पाय धुतले, शर्टाच्या बाहीनं कोरडे केले आणि परत आले. दोन्ही हात जोडले. मग डावा पाय उचलून तिच्या वाकलेल्या पाठीवर ठेवला, इतका हळू की लुगड्याची घडीसुद्धा मोडली नसेल. म्हातारीनं डोळे मिटले होते.

"झालं बाबा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "काढ आता."

त्यांनी तो लगेच काढला नाही. मुलीनं त्यांचा शर्ट ओढला आणि विचारलं, "पप्पा, चौकोनात हे लिहू का?"

"लिही," ते म्हणाले. "आन् घर तिसरं, ते बी लिही."