फिरत्या दवाखान्याची टाकी

माझ्या सासूचं नाव कडूबाई, आणि ठेवणाऱ्यानं ते लई विचार करून ठेवलं असणार. लग्नाला चार वर्षं झाली, पण आमचं भांडण एक दिवस चुकलं न्हाय. म्हणं, मी भाकरी जाड थापते. मी नळ सोडून जाते. मी हसते लई. तरी अख्ख्या भूम तालुक्यात अशी दुसरी बाई दाखवा, मी शिवांजली नाव लावणार न्हाय.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या तीस वर्षं घरच्या भट्टीवर खवा करतात. दुधाचा कॅन दुसऱ्या कुणाला धुवू देत न्हाईत. म्या एकदा धुतला होता, तर त्यांनी तो माझ्या देखत परत धुतला.

मागच्या उन्हाळ्यात मला सातवा महिना चालू होता. आमच्या गावात दर पंधरा दिवसांनी फिरता दवाखाना यायचा. मोठी पांढरी गाडी, आत तपासायचा पलंग, यंत्रं आणि हात धुवायला बेसिन. बेसिनचं पाणी खाली एका प्लॅस्टिकच्या टाकीत जमायचं. टाकीला दोन चाकं आन् ओढायला मूठ. भरली की ओढत न्यायची, ओतायची. ओतत होते सगळे, पण धुणं कुणाला जमंना, कारण तोंड एवढंसं, आत हात जाईना. गाडी उन्हात तापली की असला वास सुटायचा, बाया दारातनंच माघारी फिरायच्या. मी तर पायरीवरच ओकले.

गाडीवर दैवशाला नावाची सिस्टर होती, तिनं फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या. मग तिन्हींचा मिळून वास यायला लागला. त्या दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पुढच्या खेपेला दहा बायका आल्या नाहीत तर हे गाव यादीतनं काढणार आहेत."

म्हणजे मला तपासायला एसटीनं भूमला जायचं, त्या खड्ड्यांतनं, पोट धरून.

आत्याबाई मागं उभ्या होत्या. म्हणल्या, "टाकी हितं सोड. उद्या ह्याच रस्त्यानं जाशील तवा घेऊन जा."

"अहो मावशी, तुम्ही कशाला?"

"तुमाला जमंना म्हणून."

घरी आल्यावर मी भडकलेच. "आत्याबाई, गावाची घाण आपल्या दारात? उद्या खवा कोण घेईल?" तेवढ्यात शेजारची तारामती कुडावरनं डोकावली, तिला तर आयतंच सापडलं. "व्हय वो कडूबाई, खव्याच्या हातानं गटार धुताव का आता?"

"तू नको घेऊस खवा," आत्याबाई म्हणल्या. "माझी सून हिंदकळत भूमला जाणार न्हाय."

चार वर्षांत माझ्या बाजूनं त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या, आन् ते पण माझ्याकडं न बघता.

मग सुरू झालं. त्यांनी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आन् टाकी पार तोंडापर्यंत भरली. "सगळे बूड धुत्यात," म्हणल्या, "घाण खांद्याला असती. पाणी जिथवर चढतं ना, त्याच्या वर वाळून बसती." तासाभरानं ते पाणी लांब खड्ड्यात ओतलं. मग रिठ्याचं पाणी आन् वाळल्या दोडक्याच्या जाळीचे तुकडे आत सोडले. म्या म्हणलं, खडे टाका की, कॅनला टाकता तसे. "प्लॅस्टिकला चरे पडतील, चऱ्यात वास बसंल. डोकं वापर." झाकण लावलं, मूठ धरली आन् टाकी घेऊन निघाल्या खळ्याच्या वाटेनं. ढेकळांतनं, दगडांवरनं, मधीच उलटी करून, परत सुलटी. टळटळीत ऊन आन् साठीची बाई टाकीला फिरवून आणतीय! गाव दात काढत होतं.

धुऊन, वाळवून त्यांनी झाकण लावलं आन् टाकी उन्हात ठेवली. "उघडं भांडं खोटं बोलतं. कोंडून तापवायचं, मग हुंगायचं." दोन तासांनी झाकण काढलं, नाक घातलं, आन् अशी शिवी हासडली की कोंबड्या पळाल्या. वास होताच! मला वाटलं, संपलं. त्या मात्र झाकणच उलटंपालटं करत बसल्या. सुईनं त्यातलं रबर उचकटलं, तर खाली हिरवा बुळबुळीत थर. "हितं लपलीस व्हय, भवाने!"

रबर धुतलं, टाकी पुन्हा खळ्याच्या वाटेवर फिरवली, पुन्हा कोंडली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं हुंगून बघितलं आन् आत्याबाईंच्या पायाच पडली. आत्याबाईंनी तिला वर उठवून रबर कसं काढायचं ते दोनदा करून दाखवलं, आन् तिच्याकडनं एकदा करून घेतलं.

पुढच्या खेपेला चौदा बाया आल्या. तारामती पण आली, पहिल्या नंबरला. आत्याबाईंच्या खव्याचं तर एक गिऱ्हाईक हाललं न्हाय. मी पलंगावर झोपले, सिस्टरनं पोटावर यंत्र ठेवलं आन् गाडीभर धडधड धडधड घुमायला लागली. माझ्या बाळाचं काळीज! मला रडूच फुटलं. सिस्टर दाराकडं बघून ओरडली, "मावशी, आत या, नातवंड बोलवतंय!"

आत्याबाई चढल्या. सरळ खाली वाकल्या, बेसिनखाली टाकीजवळ नाक नेलं, दोन मोठे श्वास घेतले. मग उठल्या, पदरानं हात पुसले आन् माझा हात घट्ट धरला.

"हां," म्हणल्या, "आता ऐकव."