काळ्यावरची ओढणी

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडे आहेत. एकात मी आणि माझी पत्नी राहतो. समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले एक विधुर गृहस्थ एकटे राहतात. दोन्ही दारांच्या मधे जेमतेम एक सतरंजी मावेल एवढी जागा आहे. रंकाळ्यावर फिरायला जाण्याची वेळ झाली, की गेल्या हिवाळ्यापासून माझी पत्नी हातात दोन ओढण्या घेऊन आमचे दार उघडते आणि समोरच्या दाराकडे पाहून विचारते, "भावजी, आज काळ्यावर कुठली घेऊ?"

त्या वेळी मी देवघरासमोर जपमाळ घेऊन बसलेला असतो. समोरून उत्तर येते, "गुलबक्षी घ्या वहिनी. काल पिवळी झाली." दार लागते, जिन्यावर दोघांच्या पावलांचा आवाज उतरत जातो, आणि माझ्या बोटांतला मणी तेथेच थांबून राहतो.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. षड्रिपूंचा श्लोक वर्गात इतक्या वेळा समजावून सांगितला, की त्यातले पहिले पाच रिपू मला दूरच्या नातेवाइकांसारखे परिचित झाले होते. सहावा जो मत्सर, तो मात्र आपल्या घरचा नव्हे अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहावे असे काही आहे, हेच कधी मनात आले नव्हते. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीच्या वयात तो समोरच्या दारातून आला.

या प्रकरणाचा आरंभ संक्रांतीला झाला. आमच्या घरात काळे वस्त्र फक्त त्या एका दिवशी नेसले जाते. पूजेत काळे वर्ज्य, म्हणून एरवी ते कपाटाच्या तळाशी असते. त्या दिवशी पत्नीने तिची जुनी चंद्रकळा नेसली होती. समोरचे गृहस्थ तिळगूळ घ्यायला आले. त्यांचा स्वतःचा पोशाख नेहमीचाच: काळा सदरा आणि गळ्याभोवती हळदीच्या रंगाचा मफलर. या वयात असा मफलर मला अंमळ धीट वाटे. तिळगुळाची वडी तोंडात टाकता टाकता त्यांनी चंद्रकळेकडे पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, काळा शोभतोय तुम्हाला. पण एकटा पडलाय हो. खांद्यावर एखादा चिंतामणी रंगाचा शेला टाका, मग बघा."

"एवढं काय बघायचं हाय आता ह्या वयात," पत्नी म्हणाली. तिचे माहेर गारगोटीकडचे. लग्नानंतर तिने माझे सारे आचार स्वीकारले, बोली मात्र तिकडचीच ठेवली.

"वय साडीला असतं. रंगाला न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, काळा रंग म्हणजे तवा. तवा काळा हाय म्हणून भाकरी उठून दिसती. खरं का न्हाय?"

"काळा रंग तमोगुणाचा," मी म्हणालो.

"मग आमची सगळी भाकरी तमोगुणावरच भाजली म्हणायची," ते म्हणाले, आणि पत्नी हसली. तिचे ते हसणे मला खूप दिवसांनी ऐकू आले. त्याचे कारण मी नव्हतो.

संक्रांतीनंतर पंधरवडाही लोटला नसेल, पत्नीने राजारामपुरीतून दोन काळे कुर्ते आणले. गुडघ्यांमुळे साडी नेसून फिरणे तिला अवघड जाऊ लागले होते, हे मला ठाऊक होते. पण काळेच का, असे मी विचारले. "मळत न्हाय, आणि कशावर बी जातंय," एवढेच ती म्हणाली. मग ओढण्या आल्या. पिवळी, शेंदरी, राणी रंगाची, एक जांभळी बांधणी. आमच्या दोरीवर इतके रंग एकत्र वाळताना मी प्रथमच पाहत होतो. खालून जाणारी माणसे वर पाहत, असा मला भास होई.

फिरायला जाणाऱ्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. एके संध्याकाळी त्यावर रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेल्या पत्नीचे छायाचित्र आले. काळा कुर्ता, शेंदरी ओढणी, मागे पाणी. खाली समोरच्या गृहस्थांनी लिहिले होते, "निवड आमची." ते छायाचित्र मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. चेहरा तिचाच होता, पण मी तो कोणा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत होतो, आणि तो दुसरा माझ्यापेक्षा अधिक पाहत होता. चष्मा पुसून पुन्हा पाहिले तरी शेंदरी रंगाने तिच्या गालावर जी आभा आणली होती ती गेली नाही.

एकदा मी त्यांना जिन्यात गाठून विचारलेही, की रंगांची ही जाण त्यांना कोठून आली.

"आमच्या हिला रंगाची लई हौस होती," ते म्हणाले. "बाहेर पडायच्या आधी रोज मला विचारायची. मी रोज सांगायचो. आता सांगायला कोण न्हाय, म्हणून वहिनींना सांगतो. तुमची काय हरकत न्हाय न्हवं?"

"हरकत कसली," मी म्हणालो. मला त्यांची करुणा यायला हवी होती, आणि ती आलीही. पण पुढच्या पायरीवर पाय ठेवताच तिच्या मागोमाग ती दुसरी वृत्ती आली, आणि ती करुणेपेक्षा वेगाने जिना चढली. त्यांच्या घरात रोज विचारले जात होते. माझ्या घरात मला कधी कोणी विचारले नव्हते.

येथे आमच्या घरातील एक नेम सांगितला पाहिजे. पहाटे अंबाबाईचे दर्शन घेऊन मी परततो, तोवर पत्नीने चहाचे आधण ठेवलेले असते. पाटावर बसलो की मी तिला देवीचे त्या दिवशीचे वस्त्र सांगतो. लग्न झाल्यापासून यात सहसा खंड पडलेला नाही. आज डाळिंबी होते, काठ हिरवे. आज आनंदी रंगाचे होते, पदरावर मोर. मूर्ती काळ्या पाषाणाची. त्या श्यामल मुखाखाली कोणता रंग कसा उजळतो, कोणता मंदावतो, हे मी अत्यंत भक्तिभावाने सांगतो. पत्नी चहा गाळत ऐकते आणि शेवटी "बरं" म्हणते. ज्याला घरच्या कामांमुळे रोज दर्शनाला जाता येत नाही, त्याला घरबसल्या दर्शन घडवावे, असा माझा त्यामागचा भाव होता.

तर असा मी, समोरच्या मफलरधारी गृहस्थांना रंगांच्या क्षेत्रात मागे टाकण्याचा निश्चय करून एके दुपारी महाद्वार रोडला गेलो. स्त्रीच्या वस्त्राचे एकच दुकान मला ठाऊक होते. देवीच्या ओटीची साडी मी वर्षानुवर्षे तेथूनच घेतो.

"या गुरुजी, यंदा लवकर?" दुकानदार म्हणाला.

"ओढणी हवी आहे. काळ्यावर शोभेल अशी."

त्याने गठ्ठा समोर टाकला. मी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पाहिलेली सारी महावस्त्रे मनासमोर आणली. काळ्या पाषाणावर सर्वांत अधिक कोणते खुलले होते? एका नवरात्रातले, हिरव्यातही पिवळी झाक असलेले ते पोपटी वस्त्र आठवले. ते पाहून गाभाऱ्यासमोरची रांग क्षणभर थबकली होती. डोळे उघडून मी तशीच पोपटी ओढणी उचलली. दुकानदार मोबाइलवर कोणाशी तरी बोलत पुडके बांधत होता. मी मनातल्या मनात विजयी झालो होतो, त्यामुळे त्याच्या हातांकडे किंवा पुडक्याच्या वजनाकडे माझे लक्ष नव्हते.

संध्याकाळी पत्नी काळा कुर्ता घालून दार उघडायला निघाली, तेव्हा मी ते पुडके पुढे केले. "आज त्यांना विचारू नकोस," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले आणि तेथेच उभ्याउभ्या दोरा सोडला. तोवर समोरचे दार उघडून ते गृहस्थही बाहेर आले होते. पुडक्यातून प्रथम नारळ निघाला. मग खण. मग हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या, आणि सर्वांत खाली नीट घडी घातलेली पोपटी ओढणी.

"अहो, ही तर ओटी हाय की," पत्नी म्हणाली.

"वहिनी, गुरुजींनी तुमची प्राणप्रतिष्ठाच केली," समोरचे गृहस्थ म्हणाले आणि मनापासून हसले. पत्नी हसली नाही.

"तुम्ही व्हा पुढं भावजी. मी आज येत न्हाय," ती म्हणाली आणि तिने दार लावले.

नारळ तिने ओट्यावर ठेवला. ओढणी हातातच होती.

"माझ्यासाठी आणलीसा का देवीसाठी?"

"तुझ्यासाठी. दुकानदाराने सवयीने बाकीचे बांधले असेल."

"सवय त्याची न्हाय, तुमची हाय. तुम्ही दुकानात गेलासा की तुमच्या अंगावरच लिवलेलं असतंय, ह्यो माणूस देवीला घ्यायला आलाय म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. कित्येक आठवडे गिळलेला प्रश्न अखेर बाहेर पडला. "तू त्यांना का विचारतेस?"

"ते बघत्यात म्हणून."

ती ओढणीची घडी मोडून पुन्हा घालू लागली.

"तुम्ही बी बघतासा की," ती म्हणाली. "तुमच्याएवढं कोण बघतंय? पहाटं जातासा, येऊन सांगतासा. डाळिंबी, आनंदी, काठ कसला, पदर कसला. लग्न झाल्यापास्नं मी ऐकते चहा गाळत. देवी हाय म्हणून गप बसले. दुसरी कोण असती, तर रोज उठून तिच्या साडीचं एवढं ऐकून घेतलं असतं व्हय मी?"

"म्हणजे तुला देवीचा..." पुढचा शब्द, ज्याचा अर्थ मी उभा जन्म मुलांना सांगितला, तो माझ्या जिभेवर येईना.

"व्हय, देवीचा. पापच हाय. रोज हात जोडते आणि म्हणते, आई, माफी कर." ती ओढणीवर हात फिरवत राहिली. "मग संक्रांतीला भावजी म्हणाले काळा शोभतोय. मनात आलं, तिचं रूप बी काळंच हाय. काळ्यावरचा रंगच ह्यांना दिसतोय. तर आपण बी काळं घालावं. बघू तरी, दिसतंय का."

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला एवढेच सुचले, की ती मला दिसली होती. पण मोबाइलवर, दुसऱ्याने काढलेल्या छायाचित्रात. ते मी तिला सांगितले नाही. नारळ उचलून देवघरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे देवळात गेलो. रांगेतून पुढे सरकलो, गाभाऱ्यासमोर हात जोडले, तीर्थ घेतले, प्रदक्षिणा केली. घरी येऊन पाटावर बसलो. पत्नीने चहा गाळला आणि कप पुढे ठेवून ती थांबली. आदल्या संध्याकाळी एवढे बोलूनही ती थांबली होती, हे मला जाणवले.

मी बोलायला तोंड उघडले, आणि मला काहीही आठवेना. मुख आठवत होते, मळवट आठवत होता, समईच्या ज्योती आठवत होत्या. वस्त्राचा रंग आठवत नव्हता. देवीसमोर उभा असताना मी पोपटी आणि शेंदरी यांतले काळ्या कुर्त्यावर काय अधिक खुलेल, याचा विचार करीत होतो.

"आज आठवत नाही," मी म्हणालो.

"आठवत न्हाय? का बघितलंच न्हाय?"

"पाहिले. पण लक्ष नव्हते."

मग तिने माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. दुसऱ्यांदा चहा देण्याची आमच्या घरात पद्धत नाही. "देवी रागवंल," ती म्हणाली, पण तिच्या स्वरात देवीची काळजी मला जाणवली नाही. देवीची क्षमा मी दुसऱ्या दिवशी मागितली. त्या सकाळी मागावीशी वाटली नाही, हेही येथे नोंदवतो.

संध्याकाळी मी जपाला बसलो होतो. पत्नी हातात दोन ओढण्या घेऊन आली. एक पिवळी, एक मी आणलेली पोपटी. ती दाराकडे गेली नाही. माझ्या आणि देवघराच्या मधे येऊन उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली.

जपात बोलू नये. मी बोललो. "पोपटी."

तिने ती काळ्यावर घेतली, आरशात न पाहता एका खांद्यावर नीट केली, आणि दार उघडले. समोरचे दार उघडल्याचा आवाज आला.

"वहिनी, आज पोपटी? आज ऊन उतरलंय, पिवळी खुलली असती बघा."

"खुलली असती," पत्नी म्हणाली. "पर घरात विचारून घेतली."

त्यावर ते काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. पावले जिना उतरू लागली. मी उठून खिडकीशी गेलो. खाली उतरत्या उन्हात दोघे इतर मंडळींकडे चालले होते. खरे सांगायचे तर पिवळीच खुलली असती. त्यांचे बरोबर होते, आणि ते बरोबर होते म्हणून तीच जुनी सुई पुन्हा एकदा आत टोचली. पत्नीने वळून वर पाहिले नाही, मात्र चालता चालता खांद्यावरची ओढणी जराशी सारखी केली.

मी परत येऊन बसलो. कोणत्या मण्यावर थांबलो होतो ते आठवेना, म्हणून माळ पुन्हा मेरुमण्यापासून धरली.