उरलेला छर्रा: रायपूर ते केशकाल आणि परत

जायचं ठरलं ते एका स्विचमुळे. वैशाली दीदींच्या जुन्या फोर-बाय-फोर गाडीत डॅशबोर्डवर एक गोल स्विच आहे. तो फिरवला की खाली ट्रान्सफर केसवर बसवलेली छोटी मोटर फिरते आणि पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची पेटी, इंजिनाची ताकद पुढं-मागं वाटणारी. दीदींच्या गाडीतली ती मोटर मेली होती. स्विच फिरवला की दिवा लुकलुकायचा, खाली काहीच हलायचं नाही.

दीदी गुरांच्या डॉक्टर. घरची माणसं मूळ विदर्भातली, पण त्यांचा जन्म रायपूरचा, म्हणून मराठी सगळी कळते आणि उत्तर हिंदीत येतं. केशकालच्या पुढं जंगलात त्यांच्याकडे सात गावं आहेत. पावसाआधी तिथल्या गुरांना लस टोचून व्हायला पाहिजे, आणि मधल्या एका उतारावर फोर-व्हील लो, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि सगळ्यात संथ चाल, टाकल्याशिवाय गाडी नेता येत नाही. नवी मोटर यायला दोन महिने लागणार होते. त्यांच्या वरच्या साहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की महिन्याभरात गावं झाली नाहीत तर ती दुसऱ्याला देतो, तुम्ही ऑफिसात बसा.

मी म्हणालो, "दीदी, मोटर काढून टाकतो. हातानं टाकायचा लिव्हर बसवून देतो."

मी बीरगावच्या एका गॅरेजात कामाला आहे. घर यवतमाळकडे, शाळा सातवीपर्यंत. आधी पुण्यात होतो, मग सुरतेत. कुठंच वर्ष पुरं केलं नाही. रायपुरातही दहावा महिना लागला होता आणि पाय शिवशिवायला लागले होते. आमचे उस्ताद भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेले होते. जाताना म्हणाले होते, मोठं काम उघडू नको. मी दुसऱ्याच दिवशी उघडलं.

भंगारात त्याच जातीची हातानं चालणारी केस मिळाली. तिचा शाफ्ट आणि लिव्हर काढले, दीदींच्या केसमध्ये बसवले, गाडीचा तळ कापून लिव्हर दोन सीटांच्या मधोमध वर आणला, वरून रबर लावलं. चार दिवस लागले. लिव्हर टू-व्हील, फोर-व्हील, न्यूट्रल, लो असा घट्ट फिरायला लागला. एकच गोष्ट राहिली. भंगाराच्या केसला बाजूनं एक बोल्ट होता, त्याच्या आत स्प्रिंग आणि स्प्रिंगपुढं वाटाण्याएवढा छर्रा, म्हणजे पोलादी गोळी. दीदींच्या केसला त्या जागी भोकच नव्हतं, नुसता लोखंडाचा उंचवटा. घालू कुठं? मी छर्रा आणि स्प्रिंग डब्यात टाकले.

इथं आमच्या गॅरेजची पद्धत सांगायला पाहिजे. काम झालं की गाडीची चावी लगेच देत नाहीत. ज्यानं काम केलं त्यानं जमिनीवर पेपर अंथरायचा आणि जे जे उरलं ते त्यावर मांडायचं. उस्ताद विचारतात, "क्या बचा?" मग एकेक तुकडा उचलून सांगायचं की हा का उरला. वायसरसुद्धा सुटत नाही. पण उस्ताद गावी होते. मी पेपर अंथरला नाही. डब्याचं झाकण लावलं.

दीदी गाडी घरी न्यायला आल्या. म्हणाल्या, पहिल्यांदा उतारावर तू सोबत चल. मला काय, मी तयारच. बीरगावात सकाळी उठलं की छतावर कारखान्यांची काळी भुकटी साचलेली असते. एक दिवस जंगल बघायला मिळतंय तर कोण नाही म्हणेल.

पहाटे पाचला बूढापाऱ्यात दीदींच्या घरी पोचलो. तिथल्या गल्लीतून एवढी गाडी बाहेर काढणं हीच पहिली परीक्षा. दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या तेव्हा वाट मिळाली. जायचं असेल तर पहाटेच निघा. उशीर केला तर अभनपूरला धानाच्या ट्रकांमागं रांगत जावं लागतं. आम्ही उजाडायच्या आत अभनपूर मागं टाकलं, धमतरीला उतरून चिरलेली मिरची घालून गरम बडा आणि टमाटरची चटणी खाल्ली. दोघांचं चहासकट शंभराच्या आत भागलं. डिझेल रायपूरलाच भरा, जाऊन-येऊन साडेतीन हजार धरून चाला.

कांकेरपासून डोंगर अंगावर येतात. मार्च होता, मोहाची फुलं पडायला लागली होती, रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या. खिडकीतून तो गोड, थोडा आंबूस वास आत येत होता. मग केशकालचा घाट. वळणावर वळण, समोरून लोखंड भरलेले ट्रक, मध्ये मातेचं देऊळ, जिथं प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका, गाडी टू-व्हीलमध्येच चढवा. दीदींनी तशीच चढवली. लिव्हर जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात उस्तादांना सांगून राहिलो होतो की बघा, झालं ना.

केशकालनंतर काही अंतरावर आम्ही जंगलात वळलो. मुरमाची वाट, दोन्हीकडं उंच सालवृक्ष. अर्ध्या तासानं तो उतार आला. वरून बघितलं तर वाट एकदम तुटल्यासारखी खाली जाते आणि तळाशी नाला. पाणी घोट्याएवढंच, पण काठ माणसाएवढा खोल. गाडी सरळ वाटेनं गेली तर ठीक, घसरली तर काठावरून खाली.

दीदींनी गाडी पूर्ण थांबवली, लिव्हर ओढून लो मध्ये टाकला, पहिला गिअर लावला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मुंगीच्या चालीनं उतरायला लागली. लो चा हाच फायदा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

अर्धा उतार झाला. इंजिन खालच्या आवाजात घुमत होतं. मग टक्क असा आवाज आला, घुमणं एकदम बसलं आणि गाडी सुटली.

दीदींनी ब्रेक दाबला. चारही चाकं जाम झाली पण मुरमावरून गाडी घसरतच होती, तिरपी, काठाच्या बाजूला. मला समोर फक्त आभाळ आणि पलीकडचा काठ दिसत होता. एका सालवृक्षाच्या बुंध्याच्या हातभर अलीकडे गाडी थांबली. धूळ पुढं गेली आणि खाली नाल्यात उतरली.

दीदींनी श्वास सोडला, गाडी पहिल्या गिअरमध्येच आहे ना बघितलं आणि इंजिन बंद करून ब्रेक सैल केला. गाडी पुन्हा निघाली.

"ब्रेक धरा दीदी, गिअर नाही लागलेला," मी ओरडलो.

लिव्हर न्यूट्रलवर येऊन उभा होता. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असली की गिअर लावा की नका लावू, इंजिनाचं आणि चाकांचं नातंच तुटतं. दीदींनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवर दाबून धरला. मी हळूच दार उघडलं. उतरताना वाटत होतं, माझ्या वजनाच्या हलण्यानंही गाडी निघेल.

वर मोहफुलं वेचणारी एक म्हातारी हे सगळं बघून राहिली होती. तिनं टोपली ठेवली. "पथरा लगा बेटा, पथरा," म्हणत स्वतःच एक धोंडा ढकलत आणला. आम्ही दोघांनी पुढच्या दोन्ही चाकांखाली धोंडे लावले. मी हात केला तेव्हा दीदींनी पाय उचलला. गाडी थांबून राहिली.

म्हातारी कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत म्हणाली, "तोर गाड़ी ले मोर बइला बने हे. रोके ले रुक जाथे." तुझ्या गाडीपेक्षा माझा बैल बरा, थांबवला की थांबतो. दीदी हसल्या, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं.

मी खाली झोपून बघितलं. सगळे बोल्ट घट्ट. काहीही तुटलेलं नव्हतं. आणि तिथं उताणा पडल्या पडल्या, तो लोखंडाचा उंचवटा डोळ्यासमोर असताना मला कळलं. शाफ्टला तीन-चार खाचा होत्या, मी त्या हातानं पुसल्याही होत्या. स्प्रिंगनं दाबलेला छर्रा त्या खाचेत बसतो आणि लिव्हरला जागेवर धरून ठेवतो. मोटरच्या गाडीत ते काम मोटर करते, म्हणून तिथं भोक नाही. मी मोटर काढली आणि धरणारं काहीच ठेवलं नाही. सपाटीवर लिव्हर आपल्याआपण टिकला. उतारावर चाकांचा जोर उलटा आला आणि त्यानं लो सोडला.

बाहेर आलो तर दीदी म्हणाल्या, "मेरी गलती है. वैक्सीन का डिब्बा खिसका, वही लीवर पे लगा होगा." लशींचा डबा खरंच लिव्हरला टेकून पडला होता. पण तो टक्क झाल्यावर, गाडी घसरताना पडला होता.

मी म्हणालो, "हव, असू शकते."

दीदींनी म्हातारीचे दोन बैल तिथंच टोचले. मग मी दोन्ही हातांनी लिव्हर लो मध्ये दाबून बसलो, मध्येच वळायला जागा नव्हती म्हणून दीदींनी गाडी नाल्यापर्यंत नेली, वळवली आणि पुन्हा वर चढवली. तेवढ्या दोनेकशे पावलांत माझ्या हाताला मुंग्या आल्या. लिव्हर बाहेर यायला जोर करत होता, अन् मला तो जोर कळत होता. वर आल्यावर लिव्हर टू-व्हीलला घेऊन सायकलच्या ट्यूबनं बांधला.

परतीचा घाट, कांकेर, काहीच लक्षात नाही. दीदी बोलत होत्या. डबा मागं बांधायला पट्टा घेते म्हणाल्या. साहेबांना काय सांगायचं ते ठरवत होत्या. मी हो-हो करत होतो आणि हिशोब करत होतो. रात्री छर्रा बसवून टाकला तर कुणाला कळणार आहे? आणि नाहीच जमलं तर सुरतेची गाडी रोज आहे. कांकेरच्या पुढं चारामा गावात चहाला थांबलो. दीदींनी माझा कप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, घाबरू नको, तुझं काम पक्कं आहे, मीच सांभाळून चालवीन.

तेव्हा मात्र राहवलं नाही.

"दीदी, लशीचा डबा नव्हता लागला. एक छर्रा उरला होता माझ्याजवळ. मले कळलं नाही कुठं घालायचा, तर डब्यात टाकून देला. कोणाला विचारलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. दिवसभर हिंदीत बोलणारी बाई मराठीत बोलली.

"परवा मी एकटी येणार होती निलेश. माहीत आहे ना तुले?"

"हो."

"मग खाली पाहिलं तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

मी दोन्ही कप उचलून टपरीवर ठेवून आलो. बीरगावला गॅरेजसमोर त्यांनी इंजिन बंद केलं, चावी माझ्या हातात ठेवली आणि रिक्षा करून घरी गेल्या.

दोन दिवसांनी उस्ताद आले. मी पेपर अंथरला. त्यावर मोटर, वायरी, जुनी पट्टी आणि शेवटी डबा उघडून स्प्रिंग आणि छर्रा ठेवला. त्यांनी मोटरीकडे बघितलंसुद्धा नाही. छर्रा उचलला, बोटांत फिरवला. मी उताराचं सगळं सांगितलं, म्हातारीसकट. मला वाटलं, आता जा म्हणतील. ते म्हणाले, "केस उतार." आख्खा दिवस त्यांनी मापं घेतली, उंचवट्यावर खूण केली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. भोक मी पाडलं, आटे मी पाडले. छर्रा बसल्यावर लिव्हर प्रत्येक जागी टिच्च करून थांबायला लागला. संध्याकाळी तिथल्याच एका ओसाड चढावर लो मध्ये वीस वेळा गाडी उतरवली, चाकांमागं उस्ताद चालत होते.

दीदी आल्या, लिव्हर स्वतः चार वेळा फिरवून बघितला, चावी घेतली. मी सोबत येऊ का विचारलं. नको म्हणाल्या.

त्या उतारावर गेल्या त्या दिवशी मी काम केलं नाही, नुसता फोन घेऊन बसलो. त्या उतारावर टॉवर नाही हे मला माहीत होतं. चार वाजता केशकालवरून फोन आला. "उतर गई, चढ गई. तीन गाँव हो गए. बुढ़िया पूछ रही थी, वो पथरा वाला लड़का कहाँ है." एवढंच. पुन्हा नेहमीसारखं हिंदीत बोलल्या, म्हणून बरं वाटलं.

केशकालला जा. मार्चमध्ये जा, मोहाचा वास असतो. गाडी स्वतः बदलून घेतली असेल तर उतारावर लिव्हरवर हात ठेवा, आणि गिअरवर भरवसा ठेवून ब्रेक सोडू नका, धोंडा लावा. सुरतेला मी अजून गेलो नाही, सध्या विचार नाही. बीरगावात आता माझ्या हातचं काम झालं की उस्तादांनी हाक मारायच्या आधी मीच पेपर अंथरतो.