बसा आबा

माझी आणि माझ्या वर्गमित्राची जन्मतारीख एकच आहे, एक जून. आमच्या गावातल्या निम्म्या माणसांची तीच आहे. शाळेत नाव घालताना हेडमास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं असं समजून एक जून लिहून टाकत. माझं बोट कानाला जेमतेम टेकलं. त्याचा हात कान ओलांडून मानेपर्यंत गेला, कारण तो तीन-चार वर्षं मेंढरांमागं हिंडून मग शाळेत आला होता. हेडमास्तरांनी दोघांना सालही एकच दिलं. त्यामुळं कागदावर आम्ही एकाच दिवशी जन्मलो आणि पुढं चाळीस वर्षं एकमेकांना अरे-तुरे करत आलो.

अठरा वर्षं मी अणदूरला खत-बियाण्याच्या दुकानात होतो. मालकांनी दुकान विकलं. घेणाऱ्यानं तिथं मोबाइलचं दुकान काढलं. मला मोबाइलमधलं काही कळत नाही, हे त्यानं मला चहा पाजून सांगितलं. घरी बसून दोन महिने झाले, तेव्हा हा माझा वर्गमित्र आला. तो एका एजन्सीमार्फत महामार्गाकाठच्या गोदामावर राखणदार होता. मेंढरं विकून तो या कामाला लागला होता.

"घरी बसून काय अंडी घालतोस व्हय?" तो म्हणाला. "चल माझ्यासंगं धाराशिवला. गोदामावर आनखी एक मानूस पायजे म्हनं."

एजन्सीचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानाच्या वर होतं. छाती मोजायची टेप खालूनच मागवली. फॉर्मवर 'अनुभव' असा रकाना होता. मी 'खत' असं लिहिलं. तिथल्या सुपरवायझरनं, तिशीतलाच असेल, मला समजावून सांगितलं, "काका, तुम्ही गोदामाचे नोकर नाही. तसे आमचेही नाही. तुम्ही आमच्यामार्फत आहात." घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "लागली का नोकरी?" मी म्हणालो, "मार्फत लागली." तिनं तेवढ्यावर देवापुढं साखर ठेवली.

वर्षभर आम्ही दोघांनी ते गोदाम राखलं. पाळ्या आलटून पालटून असल्या तरी सकाळी तास-दीड तास दोघंही तिथं असायचो. केबिनमध्ये खुर्ची एकच होती. जो आधी येईल तो बसायचा आणि दुसरा पोत्यांच्या थप्पीला टेकायचा. यावरून कधी बोलाचाली झाली नाही. माझं अक्षर बरं म्हणून हजेरी मी लिहायचो आणि महिन्याला ती एजन्सीतल्या मुलीला फोनवर वाचून दाखवायचो.

असाच एकदा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "काका, तिथं कॅमेरे बसलेत ना? आता एकच माणूस ठेवायचाय. दोघांत जो वयानं लहान असेल तो. उद्या सर येतील. पण माझं नाव सांगू नका."

मी तिचं नाव सांगितलं नाही. तिनं सांगितलेलंही कुणाला सांगितलं नाही. तो तेव्हा दहा हातांवर, गेटपाशी, एका ट्रकवाल्याला तंबाखू मागत होता. मी फोन खिशात ठेवला आणि त्याला म्हणालो, "हजेरी दिली."

त्या संध्याकाळी मी दुकानातून कलपाचं पाकीट आणलं आणि अर्धं मिशीला लावलं. बायकोनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय?" मी म्हणालो, सहज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन खुर्चीत बसलो. सुपरवायझर आला, मोटारसायकल लावली आणि पिशवीतून टॅबलेट काढला. आमची आधार कार्डं त्यात आधीच होती. त्यानं एक बघितलं, दुसरं बघितलं, परत पहिलं बघितलं.

"जुळे आहात का काय तुम्ही?" तो म्हणाला.

तेवढ्यात माझा मित्र गेटमधून आत आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी खुर्चीतून उठलो. खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसली आणि म्हणालो, "या आबा. बसा."

त्यानं मागं वळून बघितलं. आपल्या मागून कुणी म्हातारा माणूस आलाय असं त्याला वाटलं. मागं कुणी नव्हतं.

"बसा आबा, तुम्ही बसा," मी परत म्हणालो. पाण्याचा तांब्याही दिला.

तो बसला. बसताना जरा लाजला. सुपरवायझरनं आमच्या दोघांकडं बघितलं, त्याच्या पांढऱ्या आणि माझ्या काळ्या मिशीकडं बघितलं, आणि टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. एवढाच प्रकार झाला. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. तो माझ्याहून मोठा होताच.

आठवड्यानं त्याला गणवेश आणि शिट्टी परत द्यायला सांगितलं. दुसरीकडं कुठंतरी लावतील असं मला वाटलं होतं, निदान तसं मी स्वतःला सांगत होतो. पण त्याच्या फायलीवर 'वय जास्त' असा शेरा पडला होता. तो दर सोमवारी धाराशिवला जायचा आणि ती मुलगी त्याला सांगायची, "आबा, सध्या काही नाही." तिथंही आता सगळे त्याला आबाच म्हणत होते.

माझी पंचाईत वेगळीच झाली. एकदा आबा म्हटल्यावर परत अरे-तुरेवर येता येईना. आलो असतो तर त्याला कळलं असतं. म्हणून पारावर, किराणा दुकानात, बसस्टँडवर, जिथं तो दिसेल तिथं मी उठून उभा राहायचो आणि आबा म्हणायचो. गावातले लोक हसायचे. "नोकरी लागल्यापासनं लई वळन आलंय की तुला," एक जण म्हणाला. माझ्या बायकोला ते खरंच वाटलं. ती मला जास्तीचं दूध घातलेला चहा द्यायला लागली. मी तो पीत असे.

पाच महिने मी हे ओढलं. त्याला सांगायचं म्हणून तीनदा त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदा त्याच्या बायकोनं पोहे केले. दुसऱ्यांदाही पोहे केले. तिसऱ्यांदा तो घरामागं लिंबाखाली एकटाच दोर वळत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, कलप, खुर्ची, सगळं.

त्यानं दोराचा पीळ सोडला नाही. पायाच्या अंगठ्यात धरलेलं टोक तसंच होतं.

"आदल्या दिवशी ठावं होतं तुला?"

"होतं."

"तरीच टावेलनं पुसलीस." दोराला आणखी एक पीळ देऊन म्हणाला, "म्या घरी आल्या आल्या हिला सांगितलं, आज त्यानं मला खुर्ची दिली म्हनून. भाऊबंदांतबी सांगितलं. नोकरी गेली तरी मान्सं जोडली, असं म्हनत होतो म्या."

मी म्हणालो, "मी उद्याच राजीनामा देतो. तुम्ही या माझ्या जागी."

"राजीनामा कुनाला देतूस? तू कुनाचा नोकर हायेस?" तो म्हणाला. "मार्फत मानूस तू. आन् माझ्या फायलीवर वय लिवलंय. तू मेलास तरी मला घ्यायचे न्हायत."

त्यानं दोर पुरा केला, गाठ मारली, ओढून बघितली.

"सोमवारी माझ्यासंगं यायचं," तो म्हणाला. "त्या सायबासमोर खुर्चीत तू बसायचं. मी उभा ऱ्हानार. आबा-बिबा म्हनायचं न्हाय. पैल्यागत बोलायचं. जमंल का?"

मी म्हणालो, "जमंल, आबा."

"झालं!" तो म्हणाला. "जमतंय तुला."

पाकिटात अर्धा कलप उरला होता. सोमवारी सकाळी मी त्याच्या घरी जाऊन तो त्याच्या मिशीला लावला. थोडा ओठालाही लागला.

एजन्सीत सुपरवायझर टेबलामागं होता. टेबलापुढं खुर्ची एकच. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. मित्रानं मागून माझ्या पाठीला हळूच बोट लावलं, तेव्हा मी बसलो.

"हे ते आबाच ना?" सुपरवायझर म्हणाला.

"कशाचे आबा, साहेब," मी म्हणालो. "हा माझ्या वर्गातला. कार्ड बघा, तारीख एकच आहे. गावात चेष्टेनं म्हणतो आम्ही."

"पण तुम्ही उठून खुर्ची दिली होती."

हे मी ठरवून गेलो नव्हतो. मी म्हणालो, "मला मूळव्याध आहे, साहेब. फार वेळ बसवत नाही."

सुपरवायझरनं मी बसलो होतो त्या खुर्चीकडं बघितलं आणि टॅबलेटवर काहीतरी टिपलं. ते माझ्या फायलीवर गेलं असेल. जाऊ दे.

मग मी मान न वळवता म्हणालो, "ए, जरा पाणी आण रे."

तो कोपऱ्यातल्या जारपाशी गेला. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा माणूस, ज्यानं मला त्याच ऑफिसात पहिल्यांदा आणलं होतं, त्यानं पेला विसळून भरला आणि माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. सुपरवायझर बघत होता, म्हणून सगळा प्यालो. रिकामा पेला त्याच्याच हातात दिला.

"मुरूमला एका गोदामावर जागा आहे," सुपरवायझर म्हणाला. "एक तारखेपासून. खाली जाऊन टेप घेऊन या, छाती परत मोजावी लागेल."

टेप आणायला तोच पळत गेला. त्या जिन्यावरून तो पळत उतरल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

परतीच्या बसमध्ये दारापाशी एकच जागा रिकामी होती. मी तिच्याकडं बघितलं, त्यानंही बघितलं. कंडक्टर म्हणाला, "बसा की कुनीतरी, वाट आडवू नका." आम्ही दोघंही तुळजापूरपर्यंत उभे राहिलो.